खमीर, गजकर्ण आणि एर्गोस्टेरॉल

गजकर्ण म्हणजे अंगाची स्वच्छता न पाळल्याची शिक्षा, असा समज आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. अलीकडे त्याला एक जोडसमज चिकटला आहे: औषध घेऊनही गजकर्ण जात नसेल, तर रोग्याने ते मधेच सोडले असणार. भिवंडीसारख्या गावात हे दोन्ही समज सहज खपतात. यंत्रमागाच्या शेडमध्ये हवा कोंडलेली आणि दमट असते, कारण सूत कोरडे पडले की तुटते. बारा-बारा तासांच्या पाळीत कारागिराचे कपडे घामाने अंगाला चिकटलेले असतात. एकाच खोलीत दिवसपाळीवाले आणि रातपाळीवाले आळीपाळीने झोपतात. चादर, टॉवेल, कपडे वाळत घालायची दोरी, सगळे सामाईक. बुरशीला याहून वेगळे काय हवे? कमरेला, जांघेत, काखेत चट्टे उठतात, औषधाच्या दुकानातून एक ट्यूब येते, आठवडाभर बरे वाटते आणि चट्टा पुन्हा पसरतो. मग दोष कोणाचा, हे ठरवायला कुणाला फार वेळ लागत नाही. हा निवाडा अपुऱ्या पुराव्यावर दिलेला आहे, असे मला वाटते. निर्णायक पुरावा कातडीच्या वरवरच्या मळात सापडत नाही, तो बुरशीच्या पेशीपटलात आहे. आणि त्या पटलाची ओळख आपल्याला मुख्यतः करून दिली ती गजकर्णाच्या बुरशीने नव्हे, तर त्याच भिवंडीच्या बेकऱ्यांत रोज रात्री पावाचे पीठ फुगवणाऱ्या यीस्टने.

पावाचे यीस्ट हीसुद्धा एक बुरशीच. फक्त धाग्यांसारखी न वाढता एकेका पेशीच्या रूपात राहणारी, आईच्या अंगावर कोंब फुटावा तशी पिल्ले घालणारी. अनुकूल स्थितीत दीडेक तासात तिची संख्या दुप्पट होते. तिच्या १६ गुणसूत्रांवर सुमारे ६,००० जनुके आहेत, आणि १९९६ साली तिचा जनुकसंच पूर्ण वाचून झाला तेव्हा केंद्रक असलेल्या पेशीच्या सजीवांमध्ये ती पहिली ठरली. प्रयोगशाळेला तिचे प्रेम आहे ते या सोयीमुळे: एखादे जनुक काढून टाका, दुसऱ्या सजीवाचे त्याजागी बसवा, आणि दोन दिवसांत थाळीवर ठिपके उगवले की नाही ते पाहा. प्रश्न विचारला की ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देणारे इतके स्वस्त प्राणिमात्र दुसरे क्वचितच सापडेल. (प्राणिमात्र म्हटल्याबद्दल वनस्पतिशास्त्रज्ञ आणि कवकशास्त्रज्ञ दोघेही क्षमा करोत.)

या पेशीभोवती बाहेरून एक कडक भिंत असते आणि तिच्या आत सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचे पटल. माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण दहा हजारावा भाग. मागांच्या गावात बसून लिहिताना त्याला विणलेल्या कापडाची उपमा देण्याचा मोह होतो, पण ती फसवी आहे. पटलात काहीच कशाला गुंतलेले नसते. मेदाचे रेणू दोन थरांत शेजारी-शेजारी उभे असतात, पाण्याकडे डोके आणि आत शेपट्या, आणि सगळे सतत सरकत राहतात. त्यांत प्रथिने तरंगतात: काही पोषणद्रव्ये आत ओढणारी, काही नको ते बाहेर फेकणारी. या गर्दीचा सैलपणा सांभाळणे हे पेशीचे रोजचे काम. थंडीत तूप थिजते आणि तेल थिजत नाही, हा फरक मेदाम्लांतल्या दुहेरी बंधांचा. यीस्ट हाच नियम वापरते. गारवा आला की ‘ओएलई-१’ या जनुकाचे काम वाढवून ते आपल्या मेदाम्लांत दुहेरी बंध जास्त घालते. पटल किती दाटले आहे हे चाचपणारे ‘एमजीए-२’ नावाचे प्रथिन पटलातच रोवलेले असते. कापडाची उपमा नको असली, तरी सायझिंगची मात्र चालेल. ताण्याच्या सुताला कांजी कमी पडली तर ते मागावर तुटते, जास्त झाली तर कडक होऊन तडकते. पटलातली कांजी म्हणजे स्टेरॉल. उष्म्यात ते मेदाच्या शेपट्यांना आवरून धरते आणि थंडीत त्यांना घट्ट रचून बसू देत नाही. कांजीला हे दुसरे काम जमत नाही, एवढा फरक.

माणसाच्या पेशीतही स्टेरॉल असते, ते कोलेस्टेरॉल. बुरशीच्या पेशीत त्याजागी एर्गोस्टेरॉल. राय धान्यावर वाढणाऱ्या अर्गट नावाच्या बुरशीतून फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल तांरे याने ते १८८९ साली वेगळे केले, त्यावरून नाव. दोघांचा सांगाडा एकच, चार जोडलेल्या कड्यांचा. एर्गोस्टेरॉलमध्ये दोन दुहेरी बंध जास्त, एक कड्यात आणि एक शेपटीत, आणि शेपटीच्या २४व्या कार्बनवर एक मिथिल गट जास्त. बस्स, एवढेच. कड्यातल्या त्या जादा बंधामुळे अतिनील किरण पडले की एर्गोस्टेरॉलचे ड-२ जीवनसत्त्व होते. स्टेरॉलांवरच्या आणि त्यांच्या जीवनसत्त्वांशी असलेल्या नात्यावरच्या कामासाठी अॅडॉल्फ विंडाउस यांना १९२८ सालचे नोबेल मिळाले. पण आपल्या विषयाला महत्त्वाचे आहे ते निराळेच. जिवाणू आपल्यापासून इतके लांबचे नातेवाईक आहेत की त्यांना मारणाऱ्या औषधाला ओळखीच्या खुणा कितीतरी मिळतात. बुरशी मात्र आपली जवळची भावकी. तिचे मारावे आणि आपले वाचवावे यासाठी औषधाला उरलेल्या मोजक्या खुणांपैकी सर्वांत वापरली गेलेली खूण म्हणजे हा दोन बंधांचा आणि एका मिथिलचा फरक, आणि तो घडवणारी विकरे.

ही विकरे एका लांब साखळीत काम करतात. अॅसिटिल गटांपासून सुरुवात होऊन मेव्हॅलोनेट, मग स्क्वालीन नावाचा लांब सुटा धागा, त्याला प्राणवायूचा अणू जोडला जातो, मग तो दुमडून चार कड्यांचे लॅनोस्टेरॉल होते, आणि त्यावर काटछाट होत होत शेवटी एर्गोस्टेरॉल. लॅनोस्टेरॉलपर्यंतची वाट माणसात आणि यीस्टमध्ये एकच आहे. ती किती एक आहे, याचा पुरावा १९८८ साली मिळाला: मेव्हॅलोनेट तयार करणारे यीस्टचे विकर काढून त्याजागी माणसाचे बसवले तरी यीस्ट जगते. हृदयरोगावर लाखो लोक रोज घेतात ती स्टॅटिन औषधे याच विकराला रोखतात. स्क्वालीनला प्राणवायू जोडणारे विकर ‘ईआरजी-१’ या जनुकाचे, आणि लॅनोस्टेरॉलचा एक मिथिल गट छाटणारे ‘ईआरजी-११’चे. दोन्हींना प्राणवायू लागतो. म्हणून १९५३ साली अँड्रिआसेन आणि स्टायर या संशोधकांना असे आढळले की प्राणवायू पूर्ण तोडला तर साखर भरपूर असूनही यीस्ट वाढत नाही. बाहेरून एर्गोस्टेरॉल घातले की वाढते. पुढच्या वर्षी त्यांनी असंपृक्त मेदाम्लाचीही हीच गरज दाखवली. ठाणे-पालघरच्या पट्ट्यात झाडावरून उतरलेली ताडी हंड्यात फसफसू लागते तेव्हा यीस्टचे नेमके हेच चाललेले असते. सुरुवातीच्या प्राणवायूत साठवलेले एर्गोस्टेरॉल प्रत्येक नव्या पिल्लाबरोबर वाटले जाते, पातळ होत जाते, आणि वाढत्या मद्यार्काला तोंड देण्याची पटलाची ताकद तेवढी कमी होते. प्राणवायूविना पेशीत स्क्वालीन तुंबून राहते. हे तुंबलेले स्क्वालीन वाचकाने ध्यानात ठेवावे, कारण गजकर्णाचे सर्वांत नावाजलेले औषध बरोबर याच जागी बांध घालते.

साखळीतले प्रत्येक जनुक एकेक करून काढून पाहिले तेव्हा यीस्टने दिलेली उत्तरे मात्र अपेक्षेपेक्षा चमत्कारिक निघाली. ‘ईआरजी-१’, ‘ईआरजी-७’, ‘ईआरजी-११’ काढले की नेहमीच्या हवेत पेशी मरते. साखळीच्या शेवटची ‘ईआरजी-६’, ‘ईआरजी-३’, ‘ईआरजी-५’ यांच्यासारखी जनुके काढली तर एर्गोस्टेरॉल बनत नाही, पण पेशी कशीबशी जगते; अर्धवट घडलेल्या स्टेरॉलवर निभावून नेते. त्याहून पुढचे कोडे असे की ‘ईआरजी-११’ गेल्यावर मरणारी पेशी ‘ईआरजी-३’ही गेले तर जगते. एक जनुक मोडले तर मरण, दोन मोडली तर जीवन. याचा उलगडा असा झाला की ‘ईआरजी-११’ बंद पडल्यावर साखळीतला अर्धवट माल ‘ईआरजी-३’च्या हातात पडून एक विषारी स्टेरॉल तयार होते, ते पटलात बसून पटल बिघडवते. फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल ही अॅझोल औषधे ‘ईआरजी-११’ला रोखतात, म्हणजे बुरशीला त्रास होतो तो एर्गोस्टेरॉलच्या टंचाईइतकाच या विषामुळे. सांगायचा मुद्दा असा की औषधातून सुटायला बुरशीला औषधाशी लढावेच लागते असे नाही. स्वतःचेच एक यंत्र बंद ठेवले तरी भागते.

आता औषधांकडे. त्यांतली सर्वांत जुनी जमात साखळीला हात लावत नाही, थेट तयार एर्गोस्टेरॉललाच धरते. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी १९५० साली मातीतल्या एका जिवाणूपासून नायस्टॅटिन मिळवले. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य प्रयोगशाळेत ते सापडले, म्हणून ते नाव. पुढे अॅम्फोटेरिसिन-बी आले. आणि याच जमातीतले एक औषध आपल्या मातीतले आहे, याची आठवण फार थोड्यांना असते. १९५४ साली पिंपरीला सुरू झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली हॅमायसिन जाहीर केले. ज्या जिवाणूपासून ते निघते त्याचे नाव ‘स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना’. एका औद्योगिक उपनगराचे नाव लॅटिन द्विनामात जाऊन बसण्याचे हे दुर्मीळ उदाहरण. ही औषधे पटलाला भोके पाडतात असे बराच काळ शिकवले गेले. २०१४ साली अॅम्फोटेरिसिनवर झालेल्या कामाने असे दाखवले की त्याचे रेणू पटलाबाहेर जमून स्पंजासारखे एर्गोस्टेरॉल शोषून घेतात. मग प्रश्न येतो, इतके थेट औषध असताना बाकीची हवीत कशाला? कारण भावकी. कोलेस्टेरॉलशीही ते थोडेफार लगट करतेच, आणि मूत्रपिंडाला त्याची किंमत मोजावी लागते. यावर उपाय म्हणून अॅम्फोटेरिसिन मेदाच्या सूक्ष्म पुटिकांत गुंडाळून देण्याची पद्धत आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी अशा भारतीय औषधावर काम केले. गंमत अशी की या पुटिकांत कोलेस्टेरॉलच घातलेले असते. २०२१ साली करोनानंतरच्या म्युकरमायकोसिसच्या लाटेत महाराष्ट्रात नातेवाईक ज्या इंजेक्शनसाठी दुकाने पालथी घालत होते, ते हेच. पण ते शिरेतून द्यायचे औषध. कमरेवरच्या चट्ट्यासाठी ते कोणी देणार नाही.

गजकर्णासाठी टर्बिनाफिन आले ते ‘ईआरजी-१’ला रोखणारे. बुरशीचे हे विकर ते फार थोड्या मात्रेत बंद पाडते, माणसाच्या त्याच विकराला जवळजवळ हात लावत नाही, आणि कातडी-नखांत ते साठून राहते. स्क्वालीन तुंबते, एर्गोस्टेरॉल आटते. १९९०च्या दशकात त्याचा दबदबा असा होता की काही आठवड्यांत गजकर्ण जाणार हे गृहीत असे. मात्र २००३ साली ऑस्ट्रिया आणि स्लोव्हाकियातल्या संशोधकांनी पावाच्या यीस्टमध्ये टर्बिनाफिनला न जुमानणारे वाण शोधून त्यांचे ‘ईआरजी-१’ वाचले. या वाणांच्या विकरात कुठे एका फेनिलअॅलनिनच्या जागी ल्युसिन, कुठे एका प्रोलिनच्या जागी सेरिन, असा एकेका अमिनो आम्लाचाच बदल होता. बहुतेक बदल विकराच्या शेपटाकडच्या भागात. अशा बदलाला डीएनएचे एक अक्षर बदलणे पुरते. म्हणजे हा किल्ला किती सहज पडू शकतो, हे बेकरीतल्या यीस्टने आधीच सांगून ठेवले होते. पुढच्या दशकात भारतभर हट्टी, अंगभर पसरणारे गजकर्ण दिसू लागले. २०२० साली जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळच्या रुग्णांकडून मिळालेल्या नमुन्यांवरून त्यामागच्या बुरशीला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला: ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए’. नावातच भारत. तिच्या टर्बिनाफिनला दाद न देणाऱ्या वाणांत त्याच विकराच्या शेपटाकडे, ३९७व्या जागी फेनिलअॅलनिनचे ल्युसिन किंवा ३९३व्या जागी ल्युसिनचे फेनिलअॅलनिन झालेले सापडते.

आता सुरुवातीच्या आरोपाकडे वळता येईल. औषध अर्धवट सोडल्याने प्रतिकारक वाण निवडले जातात, हे खोटे नाही. पण एकदा तो बदल घडून पसरला की पुढच्या माणसाला संसर्ग होतो तोच मुळी बदललेल्या बुरशीचा. तो माणूस कितीही नेमाने गोळ्या घेवो, त्याच्या कातडीवरच्या विकरात औषधाला बसायची जागा पहिल्या दिवसापासूनच बिघडलेली असते. अमेरिकेत २०२३ साली या जातीचे पहिले दोन रुग्ण नोंदले गेले, दोघीही न्यूयॉर्कच्या; त्यांतल्या एकीने परदेश प्रवास केलाच नव्हता. तिला ते तिथेच कुणाकडून तरी मिळाले. सामाईक टॉवेलच्या खोलीतून सुट्टीवर उत्तर प्रदेशातल्या गावी जाणाऱ्या आणि पुन्हा मागावर परतणाऱ्या माणसाला बेशिस्त म्हणून मोकळे होणे, हे या रसायनशास्त्राला धरून नाही.

यावर पहिला आक्षेप असा की यीस्ट म्हणजे गजकर्ण नव्हे. पिठातल्या पेशीवरून माणसाच्या कातडीवरचे निष्कर्ष कशाला काढायचे? आक्षेप रास्त आहे. गजकर्णाची बुरशी केराटिन खाते, धाग्यांनी वाढते, यीस्ट यातले काही करत नाही. पण इथे दावा खाण्याचा किंवा वाढण्याचा नाही, एका विकराच्या आकाराचा आहे, आणि तो आकार इतका जपला गेला आहे की यीस्टमध्ये आधी दिसलेला तऱ्हेवाईकपणा पुढे रुग्णांत त्याच प्रथिनाच्या त्याच भागात सापडला. दुसरा आक्षेप अधिक खोलवरचा: असा बदल बुरशीला महाग पडत असेल, तर औषध थांबवल्यावर तो आपोआप मागे पडायला नको का? इथे कुठला बदल, हे पाहावे लागते. पटलातले स्टेरॉलच बदलणे खरोखर महाग असते. २०११ साली शास्त्रज्ञांनी झेब्राफिश माशाची दोन जनुके घालून एर्गोस्टेरॉलऐवजी कोलेस्टेरॉल बनवणारे यीस्ट तयार केले. ते जगले, पण सौम्य सेंद्रिय आम्लांपुढे पूर्वीसारखे टिकेना. कॅन्डिडा या माणसाला रोग करणाऱ्या यीस्टच्या, अॅम्फोटेरिसिनला न जुमानणाऱ्या वाणांचा २०१३ साली अभ्यास झाला, तेव्हा ते वाण इतर ताणांखाली कोलमडतात आणि रोग करण्यात कमी पडतात असे दिसले. कॅन्डिडा ऑरिससारखा अपवाद असला, तरी या औषधाला प्रतिकार विरळ राहण्याचे हे एक कारण. ‘ईआरजी-१’मधल्या एका अमिनो आम्लाची अदलाबदल तशी नाही. विकर चालूच राहते, एर्गोस्टेरॉल बनतच राहते, पटल जसे होते तसेच. औषध मागे घेतले तरी बुरशीला जुन्या अक्षराकडे परतायचे फारसे कारण उरत नाही.

मग दुसरे औषध द्या, असे कुणी म्हणेल, आणि त्वचारोगतज्ज्ञ आज इट्राकोनॅझोल देतात ते याच हिशेबाने: बांध एका जागी फुटला, तर दुसऱ्या जागी घाला. पण त्या जागेलाही वाटा आहेत. एक ‘ईआरजी-३’ची वर सांगितलेली. दुसरी म्हणजे पटलात रोवलेले पंप, जे औषध आत येताच बाहेर फेकतात. कॅन्डिडातला ‘सीडीआर-१’ हा असा पंप १९९५ साली दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात राजेंद्र प्रसाद यांच्या गटाने शोधला. हे पंप पटलातल्या स्टेरॉलच्या आधारानेच काम करतात. म्हणजे औषधाचे लक्ष्य आणि औषधाला हुसकावणारा रखवालदार एकाच घरात.

आणि या सगळ्यात भर घालते ती दुकानात चिठ्ठीविना मिळणारी मिश्र ट्यूब: थोडे बुरशीविरोधी औषध, थोडे प्रतिजैविक आणि जोरदार स्टिरॉइड. क्लोबेटॅसॉल किंवा बीटामेथासोनने खाज आणि लाली दोन दिवसांत जाते, कारण कातडीची प्रतिकारशक्तीच गप्प होते; बुरशी मात्र अर्ध्या मात्रेच्या औषधात निवांत वाढते, आणि औषधात टिकणाऱ्या वाणाला याहून चांगली शाळा नाही. स्टिरॉइडचा सांगाडासुद्धा त्याच चार कड्यांचा, एर्गोस्टेरॉलच्या घराण्यातलाच. २०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टिरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकण्याच्या यादीत आणली. पण बारा तासांची पाळी करणाऱ्याला दवाखान्यासाठी अर्ध्या दिवसाची मजुरी सोडावी लागते आणि दुकान खोलीच्या वाटेवर असते, तिथे त्या यादीचा जोर किती चालणार हे उघड आहे. दवाखान्यात गेलाच, तर चट्ट्याच्या कडेची कातडी खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. स्वस्त, काही मिनिटांची तपासणी, आणि बुरशीचे धागे त्यात दिसतात. ३९७वी जागा दिसत नाही. तिच्यासाठी बुरशी वाढवून औषधाच्या पुढे ठेवून पाहावी लागते किंवा ते एक जनुक वाचावे लागते, आणि ते होईपर्यंत कारागीर परत मागावर उभा असतो, नवी ट्यूब खिशात घेऊन.